गव्हर्नरने मागवलेली वही

नंदुरबारला एकेकाळी इंग्रजांची वखार होती, हे आज तिथल्या फार लोकांना ठाऊक नसते. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जात असे. १६१५ मध्ये टॉमस रो बादशहा जहांगीरच्या दरबारी निघाला, तोही याच वाटेने. पुढे १६६० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीची इथे वखार होती. खरेदी केलेले कापड सुरतेला जाई आणि त्याचा जमाखर्चही सुरतेलाच. सुरतेच्या गादीवर १६६९ पासून जेराल्ड ऑन्जिअर होता आणि मुंबई बेटाची गव्हर्नरकीही त्याच्याचकडे होती. कापडाच्या गाठीगाठीचा हिशेब मागणारी ही कंपनी. तिच्याच नोकरांनी देवाच्या घरासाठी गोळा केलेल्या वर्गणीचे मात्र काय झाले, हे आजतागायत कुणाला धड सांगता आलेले नाही.

मुंबईत इंग्रजांना तेव्हा चर्च नव्हते. प्रार्थना किल्ल्यातल्या खोलीत उरकावी लागे. ऑन्जिअरने चर्चचा विषय मनावर घेतला, वर्गणी सुरू झाली, भिंतीही उठू लागल्या. जमलेली रक्कम सुमारे ५,००० पौंड होती असे सांगतात. त्या काळच्या मानाने हा मोठाच आकडा. पण १६७७ मध्ये ऑन्जिअर सुरतेत वारला आणि काम थंडावले. साधारण पंधरा फूट उंचीच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. छप्पर नाही, दारे नाहीत. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि चाळीसएक वर्षे त्या भिंतींवर वीट चढली नाही.

याच सुमारास मद्रासला काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चचे काम १६७८ मध्ये वर्गणीवरच सुरू झाले आणि १६८० च्या ऑक्टोबरात चर्चचे विधिपूर्वक समर्पणही झाले. कंपनी तीच, धर्म तोच, देणारे त्याच थरातले लोक. तेव्हा मुंबईकरांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणायला जागा नाही.

मग पैसे गेले कुठे? बोट दाखवले जाते ते सर जॉन चाइल्डकडे. १६८२ पासून १६९० मध्ये मरेपर्यंत कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कारभाराची सूत्रे त्याच्या हाती होती. औरंगजेबाशी त्याने वैर ओढवून घेतले आणि त्यातून १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला. बेटाचा बराचसा भाग सिद्दीच्या ताब्यात गेला, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. त्या दिवसांत मुंबईत असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन या कप्तानाने १७२७ मध्ये आपले प्रवासवर्णन छापले आणि चर्चचा पैसा चाइल्डने खाल्ला, असे सरळ लिहून टाकले. आता हॅमिल्टन म्हणजे काही रामशास्त्री नव्हे. कंपनीवर त्याचा राग होता आणि चाइल्डवर तर विशेषच. वेढ्याच्या धामधुमीत ती रक्कम दारूगोळ्यावर खर्च झाली असेल, असेही कुणी म्हणू शकेल. कोणाकडून किती आले, कुठे ठेवले, कुणाच्या सहीने निघाले, हे दाखवणारा कागदच हाती नसल्यामुळे चाइल्डवरचा आरोप सिद्ध होत नाही आणि पुसलाही जात नाही. तीनशे वर्षे तो त्याच्या नावाला चिकटून आहे.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा पाद्री मुंबईत आला. त्या अर्धवट भिंती पाहून तो अस्वस्थ झाला आणि १७१५ च्या जूनमध्ये, एका रविवारी, त्याने देवाचे घर बांधण्यावरच प्रवचन केले. समोर गव्हर्नर विल्यम एस्लाबी बसला होता. प्रवचन संपल्यावर एस्लाबीने कॉबला आज चर्चची फारच कळकळ दिसली, असा टोला हाणला. कॉबनेही तसे कारण आहे, असे नम्रपणे ऐकवले. त्यावर गव्हर्नर म्हणाला ते महत्त्वाचे: चर्च हवेच असेल तर होऊ द्या, एक वही करा, प्रत्येक जण काय देतो ते तिच्यात लिहून घ्या, पहिला आकडा मी घालतो.

या गोष्टीत कॉबच्या वक्तृत्वाचे कौतुक नेहमी होते. आमच्या मते खरे श्रेय त्या वहीचे. नावापुढे आकडा आला की देणारा मागे फिरत नाही आणि घेणाऱ्याला तो गिळता येत नाही. कॉबने दुसऱ्या वखारींना आणि विलायतेलाही पत्रे धाडली. एस्लाबीनंतर आलेल्या चार्ल्स बूनने काम तडीला नेले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. हेच आजचे फोर्टातले सेंट थॉमस कॅथेड्रल. चर्चगेट हे नाव याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजाचे.

उद्घाटनाला एक पाहुणा असा होता, ज्याच्याशिवाय ही हकिकत अपुरी राहील. रामा कामती. गौड सारस्वत, धनाढ्य व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचा पुढारी. आपल्या जातभाईंना घेऊन तो आला आणि सगळा विधी संपेपर्यंत थांबला. एस्लाबीची वही उघडली त्याच १७१५ साली कामतीने वाळकेश्वराचे देऊळ स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे केले होते. एका हाताने दिले की वही लागत नाही, एवढाच फरक! पण पुढे १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांना फितूर असल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्याची मालमत्ता जप्त केली. पुराव्यातली पत्रे बनावट होती, असे पुढच्या अभ्यासकांचे मत. कामती कैदेतच १७२८ मध्ये मेला. कॉबचेही कौन्सिलशी बिनसले आणि त्याला मुंबई सोडावी लागली. बांधकामाचा सगळा पत्रव्यवहार मात्र त्याने जपला आणि १७६६ मध्ये लंडनला छापला, म्हणून तर ही गोष्ट आपल्याला कळते.

आता वही ठेवणे कुणाच्या मर्जीवर राहिलेले नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने चर्चला देऊळ, मठ आणि अग्यारीच्या रांगेतच बसवले आहे. नियमित हिशेब आणि लेखापरीक्षण या कायद्यातच आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, विश्वस्त बदलले तर बदल अर्ज द्यावा लागतो. विसाव्या शतकात मिशनच्या कामातून पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार-धुळ्यात, ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांनाही हेच नियम लागू. तेव्हा नवापूरकडच्या एखाद्या मंडळीत बांधकाम निधीला शंभर रुपये देणाऱ्यानेही पावती जरूर घ्यावी आणि वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवायला सांगावे. पाळकाला त्याचा राग येण्याचे कारण नाही.