कर्जाच्या कागदावरचे इंग्रजी शब्द : उच्चार काय, अर्थ काय, सही करण्याआधी काय बघायचं

सहा वर्षांपूर्वी भावकीतल्या एकानं पोल्ट्री शेडसाठी कर्ज काढलं. मी आणि गावातला आणखी एक जण, असे दोघं जामीनदार राहिलो. पेन्सिलीनं फुल्या मारलेला गठ्ठा समोर आला आणि "इथं इथं सह्या करा" म्हणाले. मी बारावी शिकलेला, म्हणून एक ओळ वाचली. त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं होतं. सेव्हरल म्हणजे अनेक, हे शाळेत पाठ केलेलं. मी समजलो, जामीनदार अनेक आहेत, म्हणजे बोजा वाटून जाणार. केली सही.

पुढं पक्षी मेले, हप्ते थकले, आणि नोटीस आली ती सगळ्या रकमेची. ऐन पेरणीत माझं दुधाचं बिल ज्या खात्यात जमा होतं, त्यातले पैसे निघेनात. तेव्हा डिक्शनरी घेऊन एका ओळखीच्या वकिलासमोर बसलो. त्या वेळी वहीत उतरवलेले शब्द इथं देतोय. तुम्हाला सही करण्याआधी उपयोगी पडावेत, एवढाच हेतू.

जामीनदारासाठी

जॉइंटली अँड सेव्हरली : इथं सेव्हरली म्हणजे ‘अनेक’ नाही, तर ‘प्रत्येक जण वेगवेगळा’. म्हणजे सगळे मिळून जबाबदार आणि एकेकटाही पूर्ण रकमेला जबाबदार. बँक दोघांपैकी एकाकडूनच सगळी वसुली करू शकते.

गॅरंटर, शुअरिटी : दोन्हीचा अर्थ जामीनदार. गॅरंटरच्या स्पेलिंगमध्ये जी नंतर यू आहे, पण तो बोलायचा नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, असं 1872 चा करार कायदा सांगतो. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडं या" हे म्हणणं सहसा चालत नाही. मात्र जामीनदारानं पैसे भरले तर ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला आहे. भरल्याची पावती म्हणूनच जपून ठेवायची.

कंटिन्युइंग गॅरंटी : चालू राहणारा जामीन. एका कर्जापुरता नाही, तर पुढच्या व्यवहारांनाही लागू. हा शब्द दिसला तर "किती रकमेपर्यंत?" हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

गहाण-तारणाचे शब्द

मॉर्गेज : स्पेलिंग एम, ओ, आर, टी, जी, ए, जी, ई. मधला टी बोलायचा नाही. ‘मॉर्टगेज’ म्हणू नका. फोनवर साहेब ‘मॉर्गेज’ म्हणतात आणि कागदावर टी दिसतो, त्यामुळं शब्द एकच आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. अर्थ, जमीन किंवा घर गहाण. जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर अधिकारात बोजा चढतो तो याचाच.

हायपॉथिकेशन : वस्तू आपल्याच ताब्यात, पण तिच्यावर बोजा बँकेचा. ट्रॅक्टर, मोटारसायकलच्या आरसी बुकावर हा बोजा असतो. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप निघाला असं धरू नका. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 आरटीओकडं द्यावा लागतो. बरेच जण इथंच थांबतात आणि गाडी विकताना अडकतात.

प्लेज : वस्तू सावकाराच्या किंवा बँकेच्या ताब्यात देऊन घेतलेलं कर्ज. सोनेतारण यातलंच. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, हरभरा गोदामात ठेवून पैसे उचलतो, त्यातही माल असाच तारण असतो.

लीन : स्पेलिंग एल, आय, ई, एन. उच्चार लीन किंवा लीअन, बँकेत काही जण लियन म्हणतात. अर्थ, येणं फिटेपर्यंत पैसे अडवून धरण्याचा हक्क. मोबाईलवर ‘लीन मार्क’ असा मेसेज आला तर रक्कम खात्यात दिसेल, पण काढता येणार नाही. माझं दुधाचं बिल अडकलं ते असं.

ओळखीचे वाटणारे, पण फसवणारे

अवघड शब्द आला की आपण कुणाला तरी विचारतो. सोपा वाटला की विचारत नाही. फसगत तिथंच होते.

आउटस्टँडिंग : शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘उत्कृष्ट’, बँकेच्या कागदावर ‘येणे बाकी’. ओव्हरड्यू म्हणजे त्यातली मुदत टळून गेलेली बाकी. ॲरिअर्स म्हणजे थकबाकी. नोटिशीत आकडा नेमका कशाचा आहे, हे आधी बघा.

कन्सिडरेशन : विचार नव्हे, मोबदला. खरेदीखतात या शब्दापुढं जी रक्कम असते, ती व्यवहाराची किंमत.

एक्झिक्यूट : इथं फाशीशी संबंध नाही. दस्त सही करून पूर्ण करणं.

विदाऊट प्रेज्युडिस : पूर्वग्रहाशी संबंध नाही. "हे पत्र लिहिलं म्हणून आमचे बाकीचे हक्क सोडले असं नाही," एवढाच अर्थ.

हप्ता आणि व्याज

डेट : डी, ई, बी, टी. बी मुका. म्हणजे कर्ज. तारखेचा डेट वेगळा, त्यात बी नसतो.

रिसीट : यातला पी मुका. म्हणजे पावती.

मॉरॅटोरियम : हप्ता भरायला मिळालेली सवलतीची मुदत. ही माफी नव्हे. कोरोनाच्या वेळी मार्च ते ऑगस्ट 2020 अशी सहा महिने हप्ते पुढं ढकलायची मुभा होती, पण त्या काळातलं व्याज चालूच होतं.

सबव्हेन्शन : व्याजातला सरकारनं उचललेला वाटा. केंद्राच्या योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं. वेळेत फेडलं तर आणखी 3 टक्के सवलत, म्हणजे व्याज 4 टक्के पडतं. तारीख चुकली की ही सवलत जाते.

सही करण्याआधी

घर, गाडी यांसारखं मुदत कर्ज घेताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. कर्जाची मुख्य माहिती त्यात थोडक्यात असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते द्यावं लागतं, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागायला लाजू नका.

मोबाईलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर होतं, स्पीकरचं बटण दाबलं की उच्चारही ऐकू येतो. उच्चारासाठी ते चांगलं आहे. पण अर्थ रोजच्या वापरातला येऊ शकतो, कायद्यातला नाही. माझ्या डोक्यात सेव्हरलीचा अर्थ चुकला तसा मोबाईलचाही चुकू शकतो. म्हणून शंका आली तर वकिलाला किंवा जाणकाराला दाखवा. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या, निदान फोटो तरी काढून ठेवा.

माझे भरलेले पैसे भावकीतून अजून थोडे थोडे येतायत. सही करताना ‘सेव्हरली’चा अर्थ विचारायला पाच मिनिटं लागली असती. तुम्ही तेवढी पाच मिनिटं काढा.