आभाळाची खानेसुमारी

फारसी-उर्दू शायरीत बाज आणि शाहीन ठायी ठायी भेटतात. इक्बालांनी तर शाहीनला स्वाभिमानी तरुणाचं प्रतीकच करून टाकलं. आम्हा कवींना शिकारी पक्षी लागतो तो असा, एकटा आणि उंच. गेल्या शतकात मात्र काही माणसं डोंगरमाथ्यावर बसून हे पक्षी चक्क मोजू लागली. काम तसं कारकुनी. पण या कारकुनीने जेवढे पक्षी वाचले, तेवढे आमच्या उपमांनी खचितच वाचले नसतील.

इटलीच्या दक्षिण टोकाशी सिसिली बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी. तिची रुंदी एके ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर. एप्रिल-मे महिन्यांत आफ्रिकेतून युरोपात परतणारे हजारो शिकारी पक्षी या चिंचोळ्या वाटेने जातात. कारण साधं आहे. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर चढते. रुंद पंखांचे पक्षी तिच्यावर घिरट्या घेत उंच जातात आणि मग पंख न हलवता लांबवर तरंगत निघतात. समुद्रावर अशी हवा फारशी मिळत नाही, म्हणून पाणी जिथे कमी तिथूनच ते ओलांडायचं.

या प्रवाशांत मोठी संख्या असते मधुबाजाची. आपल्याकडे दिसणाऱ्या मोहोळघारीचा हा युरोपीय भाऊबंद. गांधीलमाश्यांची पोळी उकरून आतल्या अळ्या खाणारा, माणसाच्या अध्यात ना मध्यात. पण सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर पिढ्यान् पिढ्या त्याची शिकार चाले. कॅलाब्रियात तर समजूत अशी, की ज्या पुरुषाने वर्षभरात एकही मधुबाज पाडला नाही, त्याची बायको त्याला फसवणार! पुरुषार्थाची किंमत पक्षी मोजत होता.

वसंतातली ही शिकार विशेष घातक. शरदात दक्षिणेला जाताना थव्यात त्या वर्षीची पिल्लंही असतात. वसंतात परततात ते मुख्यतः वाळवंट आणि समुद्र पार करून तगलेले, घरटं बांधायला निघालेले पक्षी. तेव्हा पडलेली एक गोळी त्या वर्षीचं घरटंही रिकामं करते.

मोजणीचं हत्यार यावर चालतं, हे त्याआधी अमेरिकेत सिद्ध झालं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर दर शरदात लोक बंदुका घेऊन जमत आणि वरून जाणारे ससाणे, गरुड गंमत म्हणून पाडत. सरकार एका जातीच्या बाजामागे पाच डॉलर इनामही देई. 1932 मध्ये रिचर्ड पाऊ यांनी तिथे जमिनीवर ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं घेतली. ती मोजणी मृतांची होती. न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी 1934 मध्ये तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, पुढे विकतही घेतला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या या बाई. त्यांनी मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांना तिथे राखणीला ठेवलं. मॉरिस माथ्यावर बसून जाणारा प्रत्येक पक्षी वहीत टिपू लागले, आणि अर्मा पायथ्याशी रस्त्यावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परतवू लागल्या. तो डोंगर आज ‘हॉक माउंटन’ म्हणून ओळखला जातो. तिथे आता वसंतातही मोजणी होते.

त्या वहीचं मोल पुढे कळलं. अमेरिकेच्या राजमुद्रेवरच्या गरुडाचं डोकं वयात आल्यावरच पांढरं होतं, पिल्लू तपकिरी असतं. त्यामुळे नुसत्या दुर्बिणीतूनही लहानमोठे वेगळे मोजता येतात. 1935 ते 1939 या काळात मोजलेल्या या गरुडांत 40 टक्के लहान होते. 1955 ते 1959 मध्ये ते 20 टक्क्यांवर आले. 1957 साली तर 32 मोठ्यांमागे एक लहान! गरुड दिसत होते, पण त्यांची पुढची पिढी दिसत नव्हती. राचेल कार्सन यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात डीडीटीविरुद्ध हे आकडे साक्षीला उभे केले. 1972 मध्ये अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी वापरायला बंदी आली. 2007 मध्ये तो गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. वही सुरू करताना डीडीटीचा विचार ब्राऊन यांच्या मनात नव्हता. त्यांनी फक्त नोंदी ठेवल्या.

मेसिनाकडे 1977 पासून कायदा होता. शिकारी पक्ष्यांना त्याने संरक्षण दिलं होतं, पण कागदावर. 1981 मध्ये ॲना जिओर्दानो नावाच्या 15 वर्षांच्या मुलीने शिकाऱ्यांना पक्षी पाडताना पाहिलं आणि ती गप्प बसली नाही. सामुद्रधुनीवरच्या डोंगरात तिने साथीदारांसह मुक्काम ठोकले. वहीत दोन नोंदी होत, गेलेले पक्षी आणि ऐकलेले बार. बार ऐकू आला की पोलिसांना खबर. 1986 मध्ये तिची मोटार जाळण्यात आली. वही बंद झाली नाही. वर्षांगणिक बार घटत गेले, मोजलेले पक्षी वाढत गेले. 1998 मध्ये तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. चोरटी शिकार पुरती संपलेली नाही, म्हणून वसंतात माणसं अजून त्या डोंगरावर बसतात.

खानेसुमारी म्हटलं की आपल्याला सरकारी तक्ते आठवतात. पण ज्याची नोंदच नाही, त्याच्या जाण्याचा बोभाटा होत नाही, मग ते पाखरू असो की माणूस. ‘पूर्वी खूप पक्षी यायचे’ ही झाली हळहळ. अमुक साली इतके आले, यंदा इतकेच आले, हा झाला पुरावा, आणि त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. त्यासाठी पदवी लागत नाही. डोळे, वही आणि उन्हात बसण्याची तयारी लागते. एकही पक्षी न दिसलेल्या दिवशीसुद्धा रकान्यात प्रामाणिकपणे शून्य लिहावं लागतं.