शिळफाट्यावरून पुढे निघून गेलेली मदत

खोपोलीच्या शिळफाट्यावर उभे राहिले की मुंबई एका हाताला आणि पुणे दुसऱ्या हाताला असते. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत उतारू पालखीतून, डोलीतून किंवा तट्टावरून खंडाळा गाठत. पुढे गाडी पळसदरीहून परस्पर घाट चढू लागली आणि खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग फाट्याचा झाला. एकविसाव्या शतकात द्रुतगती मार्ग आला आणि फाट्यावर थांबण्याचे उरलेसुरले कारणही गेले. दिव्यांग मुले वाढवणाऱ्या कुटुंबांना महाराष्ट्रात जो आधार मिळाला, त्याचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. तो मुंबईत उभा राहिला, पुण्यात उभा राहिला, आणि मधल्या कर्जत-खालापूरला त्याची वाट पाहावी लागली. हे का झाले, याचे उत्तर मला सरकारी अनास्थेत पुरेसे सापडत नाही. ते हा आधार मुळात उभा कोणी केला, यात आहे.

तो पालकांनी उभा केला. १९४४ मध्ये जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी राहत्या घरी वर्ग सुरू केला. शिवडीची जय वकील शाळा ही त्याचीच पुढची वाढ. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणींकडे राहिल्या, तिथले व्यायाम आणि पद्धत नीट पाहून आल्या, आणि १९४७ मध्ये मुंबईत त्यांनी अशा मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय त्यातूनच आले. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तीही आपल्या मुलीला घेणारी शाळा मिळेना म्हणून. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये कामायनी सुरू केली. कर्जतच्या लोकलमार्गावरच, बदलापूरजवळच्या मूळगावात असलेली 'आधार' हीसुद्धा पालकांचीच संस्था. मुले प्रौढ झाली, आईबाप थकले, आणि 'आमच्यामागे याचं कोण?' हा प्रश्न त्यांनी एकत्र बसून सोडवायला घेतला. पालक पुढे आणि सरकार मागे, हा क्रम इथलाच नव्हे. इंग्लंडमध्ये १९४६ साली ज्युडी फ्राइड या आईने एका बालसंगोपनविषयक मासिकाला पत्र लिहिले, देशभरच्या आयांनी तिला उत्तरे पाठवली, आणि त्यातून पालकांची राष्ट्रीय संघटना झाली.

या सगळ्या उदाहरणांत एक अट दडलेली आहे. पालकांना आधी एकमेकांचा पत्ता लागावा लागतो. मासिक वाचता यावे लागते, पत्र लिहिता यावे लागते, काही महिने दुसऱ्या शहरात राहण्याची ऐपत लागते, विश्वस्त मंडळ नोंदवण्याची आणि मंत्रालयात खेटे घालण्याची सवड लागते. मुले सगळीकडे जन्मली; या अटी पुऱ्या करू शकणारे आईबाप मात्र काही ठिकाणीच होते. त्यामुळे संस्थांचा नकाशा मुलांच्या संख्येवर बेतलेला नाही, तो आईबापांच्या ऐपतीवर बेतलेला आहे. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परतते. तिच्या मुलाला रोज करून घ्यायचे व्यायाम हवे असतील, तर ते कोणत्या गावात आणि कोणी शिकवायचे? तिच्यासारखी दुसरी आई तीन वाड्या सोडून असेलही, पण त्या दोघींची गाठ पडायला निमित्तच नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा की पूर्वी गावाला संस्थांची गरजच नव्हती, एकत्र कुटुंब सांभाळून घेत असे. यात तथ्य आहे. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा गुरे वळायचा, लावणीला मूठ पुरवायचा, पाटीत शेण भरायचा. त्याला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातही यायचे नाही, कारण वाचता कोणालाच येत नसे. शाळा आली तेव्हा तो 'मागे पडलेला' ठरला. म्हणजे शाळेने त्याला वेगळे काढले, पण त्याला सोबत नेण्याची तजवीज शाळेबरोबर आली नाही. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना निघाली ती १९७४ मध्ये. आणि ज्या मुलाला मानही धरता येत नाही, त्याचे काय? त्याचे सगळे एकत्र कुटुंब करत नव्हते, त्या कुटुंबातली एक बाई करत होती. घास मऊ करून भरवणे, कूस बदलणे, दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन परसाकडे नेणे हे काम वाटून घेतल्याची उदाहरणे थोडी. वाडीवर तर कुटुंब लहानच असते आणि रोजगार बुडवून घरी बसणे कोणालाच परवडत नाही.

सरकारचे जुने दार कोणते होते, तेही पाहायला हवे. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने जन्मजात बुद्धिमांद्य आणि वेड यांची एकाच व्याख्येत मोट बांधली. खालापूरच्या बापाला सरकारकडे मुलाला न्यायचेच असते, तर जवळची ठिकाणे म्हणजे १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय किंवा घाटावर येरवडा. लोकांनी मुले घरात ठेवली याला आपण लाज म्हणतो; मला त्यात पुष्कळसा शहाणपणा दिसतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता आजाराच्या व्याख्येतून वगळली, हे योग्यच झाले. तो कायदा अमलात आला १९९३ मध्ये. या मुलांचे हक्क सांगणारा अपंग व्यक्तींचा कायदा मात्र झाला १९९५ मध्ये, आणि त्याच्या सात प्रकारांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते आले १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. २०१६ च्या कायद्याने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली.

दुसरा आक्षेप इथूनच निघतो. आता कायदा आहे, संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा नियम आहे, निरामय विमा आहे, ३ डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. तर मग अडते कुठे? अडते प्रमाणपत्राशी. यातल्या बहुतेक सगळ्या दारांची किल्ली म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, सर्वसाधारणपणे चाळीस टक्के किंवा त्यावरचे. रायगड जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागला, समुद्राकाठी. कर्जत आणि खालापूर हे तालुके जिल्ह्याच्या सह्याद्रीकडच्या टोकाला. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत, तिथून मिनीडोर रिक्षा, मग खोपोलीहून पेण आणि पेणहून अलिबाग. हातपाय ताठ झालेल्या मुलाला एसटीच्या बाकावर सरळ बसवता येत नाही, तो मांडीवर आडवा धरावा लागतो, आणि साठ-सत्तर किलोमीटर धरावा लागतो. दोन माणसांचा रोज बुडतो. तिथे गेल्यावर एक कागद कमी निघाला की तोच प्रवास पुन्हा. शिबिरे भरतात, ती उपकारकही ठरतात. पण शिबिर कागद देते, व्यायाम शिकवत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत नाही.

म्हणूनच आईबाप आधी भगताकडे जातात, या तक्रारीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. भगत वाडीतच असतो. तो कागद मागत नाही, मुलाला हात लावतो, आईचे बोलणे संपेपर्यंत ऐकतो. त्याच्या उपायांनी मूल बरे होत नाही आणि मोलाची पहिली वर्षे हातची जातात, हे खरेच. पण या निवडीत श्रद्धेइतकाच अंतराचा वाटा आहे. जवळ काही असेल तर लोक तिथे जातात. कर्जतच्याच लोकलमार्गावरच्या वांगणीत इतकी अंध कुटुंबे येऊन राहिली, त्यात लोकलचा आणि परवडणाऱ्या भाड्याचा मोठा हात आहे. पेणला सुहित जीवन ट्रस्टची विशेष शाळा उभी राहिली, तेव्हा रायगडच्या मुलांना मुंबई-पुण्याखेरीज एक ठिकाण झाले. आदिवासी पालकांना समजत नाही, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी त्यांच्या पायांना किती चालावे लागते ते आधी मोजावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भौतिकोपचार, वाचोपचार, विशेष शिक्षण यांतली प्रशिक्षित माणसे थोडी. ती तालुक्यातालुक्यांत कुठून आणणार? चांगले केंद्र मोठ्या शहरातच चालते. शस्त्रक्रियेच्या किंवा गुंतागुंतीच्या निदानाच्या बाबतीत हे मान्य. पण मेंदूचा पक्षाघात असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला रोज लागते ते काय? मान आणि पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची, घास घशात अडकू नये म्हणून भरवताना धरायची बैठक, आखडणारे सांधे हलवण्याची रीत. हे आईला शिकवता येते, अंगणवाडी सेविकेला शिकवता येते. फातिमा इस्माईल डॉक्टर नव्हत्या. त्या शेजारी बसून शिकल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ नंतर समाजाधारित पुनर्वसनाची जी कल्पना पुढे आणली, ती अशाच मुलखांसाठी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात, विकासातला उशीर नोंदवतात आणि मुलाला जिल्ह्याकडे पाठवतात. साखळी तुटते ती या पाठवण्याच्या कडीवर. मूल नोंदले जाते आणि पुन्हा अलिबागचा रस्ता पुढे येतो.

तो रस्ता उलटा करता येतो. जिल्ह्याच्या माणसांनी ठरलेल्या वारी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि खोपोलीत यावे. महिन्यातून एकदा नव्हे, दर आठवड्याला. त्याच दिवशी प्रमाणपत्राचे काम व्हावे, त्याच बाकांवर आया एकमेकींशेजारी बसाव्यात. शहरातल्या पालकांना मासिकाने आणि टपालाने जे दिले, ते इथे त्या बाकावर मिळेल. कुटुंब भट्टीवर जाईल तेव्हा मुलाची नोंद त्या गावच्या अंगणवाडीत पोचावी. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की राष्ट्रीय न्यास कायद्याखालचे पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून घ्यावे लागते, तिची बैठकही वर्षातून काही वेळा कर्जतला व्हावी. ज्या आईने त्याला अठरा वर्षे वाहिले, तिला त्याची आई असल्याचा कागद मिळवायला पुन्हा समुद्रापर्यंत जावे लागू नये.