एक चित्र, तीन अर्थ
प्रेम आणि नीति यांचें जन्माचें वैर आहे असें मानणाऱ्यांनीं डच कवि याकोब काट्स याचा १६१८ सालीं मिडलबर्ग येथें निघालेला सचित्र ग्रंथ अवश्य पाहावा. व्हान द व्हेने याच्या रेखाटनांवरून कोरलेल्या त्यांतील प्रत्येक चित्राचे अर्थ तीन: पहिला प्रणयाचा, दुसरा लोकव्यवहाराचा, तिसरा ईश्वरभक्तीचा. पिंजऱ्यांतला पोपट प्रथम प्रेमपाशांत सुखानें अडकलेला प्रियकर होय. पुढें तोच निराळे धडे देतो. गोड आमिष दाखवून तरुणांच्या गळीं उपदेश उतरविण्याची ही युक्ति, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु काट्सनें प्रणयाचें चित्र पुसून त्याजागीं नीति लिहिली नाहीं. तेंच चित्र त्यानें तिन्ही भागांत पुन्हा छापिलें. प्रेमाला भक्तीच्या वाटेवरील पहिली पायरी मानणें, हेंच त्याच्या उपदेशाचें खरें बळ होय.