खेळाडूंचे खासगी आयुष्य आणि क्रीडामाध्यमे

सामन्याच्या वृत्तांताला मागे सारून खेळाडूचे लग्न, कुटुंब आणि मते यांनाच बातमी बनवण्याची प्रवृत्ती. चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आणि समाजमाध्यमांमुळे ती बळावली. तिचा जाच महिला खेळाडूंना अधिक होतो. 2016 मध्ये टेनिसपटू सानिया मिर्झा दुहेरीत जागतिक अव्वल असताना आत्मचरित्रानिमित्तच्या मुलाखतीत तिला संसारात स्थिरावण्याविषयी, मातृत्वाविषयी विचारले गेले. मी अव्वल स्थानापेक्षा मातृत्व निवडले नाही म्हणून तुम्ही निराश दिसता, असे तिने सुनावले. मुलाखतकाराने तिथेच माफी मागितली. पुरुष खेळाडूला हा प्रश्न विचारला नसता, हेही मान्य केले. आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, या प्रश्नावर 2017 मध्ये मिताली राजने उलट प्रश्न केला : पुरुषांना आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का?

मतांचा विपर्यास हा याहून घातक प्रकार. टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर भालाफेकपटू नीरज चोप्राने, अंतिम फेरीपूर्वी आपला भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमकडे होता, एवढेच सांगितले. त्यावरून वादंग माजवले गेले. आपल्या वक्तव्याचा असा वापर करू नका, असे आवाहन नीरजला चित्रफितीद्वारे करावे लागले.

मौनही महाग पडते. 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी पत्रकार परिषद टाळणाऱ्या नाओमी ओसाकाला 15,000 डॉलर दंड झाला. दुसऱ्याच दिवशी तिने स्पर्धेतून माघार घेतली.