त्रिरश्मीवरचे यवन आणि त्यांचे अभिवादन

प्राचीन ग्रीक भाषेत भेटीला आणि निरोपाला 'खैरे' हा एकच शब्द पुरत असे. त्याचा अर्थ 'आनंदात राहा' असा असून अनेकांना उद्देशून त्याचे 'खैरेते' होई, पत्राच्या मायन्यात त्याचेच 'खैरेन' हे रूप येई आणि थडग्यावरील लेखातून मृतालाही याच शब्दाने निरोप दिला जाई. (मराठी कानाला तो आडनावासारखा वाटतो, हा निव्वळ योगायोग.) यवन, म्हणजे ग्रीक किंवा सैल अर्थाने पश्चिमेकडून आलेले परकीय, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत नाशिकशी संबंध ठेवून होते, परंतु त्यांचा जो लेख येथे टिकला, त्याचा आरंभ 'खैरेन'ने होत नाही.

नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, १७ क्रमांकाचे लेणे आहे. त्याच्या ओसरीच्या खांबांवर स्वारांसह हत्ती कोरलेले आहेत आणि भिंतीवरील ब्राह्मी लेखात दाता म्हणून उत्तरेकडचा, दातामिती नगरीचा योनक, म्हणजेच यवन, इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा पुत्र, याचे नाव येते. दातामिती हे डिमेट्रिअस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेले नगर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आपला मुलगा धर्मरक्षित याच्यासह त्याने हे लेणे, आतील चैत्यगृह आणि पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आईवडिलांप्रीत्यर्थ खोदवून चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केली. लेख प्राकृतात असून त्याचा पहिला शब्द 'सिधं' आहे. हा मंगलवाचक शब्द या काळातील देशी दात्यांच्या लेखांतही आरंभी येतो, त्यामुळे तिन्ही पिढ्यांची नावे आणि लेखाची रीत पाहता, योनक ही ओळख लेखात आवर्जून दिली नसती, तर हा दाता परका होता हे कोणाच्या लक्षातही आले नसते. अभिवादन शिकण्याचा भार येथे पाहुण्याने उचलला होता, असाच निष्कर्ष यातून निघतो.

ग्रीक लिपी मात्र नाशिककरांच्या हातांत रोज खेळत होती. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. ती क्षहरात कुळातील शक क्षत्रप नहपान याची असून त्यांच्या दर्शनी बाजूस राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, पण ती अक्षरे वाचल्यास निघतो तो प्राकृत मजकूर: राजा क्षहरात नहपान याचे नाणे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपली चिन्हे उमटवून ती पुन्हा चलनात आणली.

याच गौतमीपुत्राचे वर्णन त्याची आई गौतमी बलश्री हिने त्रिरश्मीवरील ३ क्रमांकाच्या लेण्यात शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा असे करविले आहे, आणि इंद्राग्निदत्ताचे लेणे त्याच डोंगरावर, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राजप्रशस्तीतील यवन आणि भिक्षूंना पाण्याची टाकी देणारा यवन यांचा एकमेकांशी संबंध लावण्याची गरज त्या काळच्या कोणाला वाटली असेल, असे दिसत नाही.