घोरणे, श्वास आणि चिकाटी

श्रोतेहो, ओसरीवर कुणी मोठ्याने घोरू लागला की आपण म्हणतो, "कुंभकर्ण झोपला!" आणि हसून सोडून देतो. पण घोरणे एकाएकी थांबावे, थोडा वेळ सारे शांत, आणि मग माणसाने दचकून श्वास ओढावा, ही मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. झोपेत सैल पडलेला घसा श्वासाची वाट बुजवतो. रात्रीतून असे शेकडो वेळा होऊ शकते. मग दिवसा डुलक्या येतात, रक्तदाब वाढतो, गाडी हाकताना डोळा लागतो.

हा विकार जुना, त्याची ओळख मात्र अलीकडची. १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेत अडणाऱ्या श्वासाची नोंद केली. त्या काळी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. सिडनीच्या एका रोग्याने त्याला नकार दिला. तेव्हा १९८० च्या जूनमध्ये डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी त्याच्या नाकावर मुखवटा बसवून हवेचा दाब दिला, आणि तो गडी रात्रभर शांत झोपला! पुढच्याच वर्षी पाच रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला.

यंत्र निघाले, पण ते लावायचे कुणी? १९९३ साली अमेरिकेत ३५ रोग्यांच्या यंत्रांत गुपचूप मोजणी ठेवली. शेकडा ६० जण म्हणाले, "आम्ही रोज लावतो." प्रत्यक्षात दहांपैकी सात रात्री निदान चार तास लावणारे निघाले अवघे १६! लोक खोटेच बोलत होते असे नव्हे. अर्ध्या रात्री काढून ठेवलेला मुखवटा सकाळी आठवत नाही.

हे दुखणे परदेशापुरतेच आहे काय? नाही. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा साडेसात जणांना हा विकार आढळला.

जिंतूरसारख्या तालुक्यात अडचणी आणखी. वीज गेली की यंत्र बंद. नाक कोरडे पडते, पट्टा रुततो, पाहुण्यांदेखत लाजही वाटते. पण हे यंत्र चष्म्यासारखे आहे: लावाल तोवरच उपयोग. म्हणून टोचले तर फेकू नये. डॉक्टरांना सांगून मुखवटा बदलून घ्यावा. दुपारच्या झोपेतही लावावा. आणि गुरुजनहो, गावात आपला शब्द चालतो. घोरणाऱ्याला हसण्याऐवजी दवाखान्यात धाडा, यंत्र मिळालेल्याला अधूनमधून विचारा, "काल रात्री लावले का?"